कडक स्प्रिंगच्या कैवाऱ्यांस उत्तर

शर्यतीची गाडी जितकी हलकी तितकी तिची स्प्रिंग कडक असली पाहिजे, हे मत लेस्टरच्या आसपासच्या गॅरेजांतून, मॅलरी पार्कच्या पॅडॉकमधून आणि अलीकडे पुण्यामुंबईहून इकडच्या विद्यापीठांत मोटार-अभियांत्रिकी शिकायला आलेल्या आपल्या मुलांच्या वह्यांतूनही इतक्या निःशंकपणे मांडले जाते, की त्याला हरकत घेणाऱ्यालाच आधी आपली लायकी सिद्ध करावी लागते. ती हरकत मी आज लेखी नोंदवीत आहे. ज्या गाडीला पंख नाहीत, जिचे वजन चालकासह पाचशे किलोच्या आगेमागे आहे आणि जी मॅलरी पार्क किंवा डॉनिंग्टनसारख्या चढउताराच्या मार्गावर, खऱ्याखुऱ्या डांबरावर, धावणार आहे, तिला कडक स्प्रिंग लावणे म्हणजे टायरची पकड स्वहस्ते कमी करणे होय, असे माझे म्हणणे आहे. आणि ते आवडीनिवडीचे नसून हिशेबाचे असल्यामुळे त्याची रुजुवातही आकड्यांनीच झाली पाहिजे.

प्रतिपक्षाची कैफियत प्रथम तिच्या पूर्ण बळानिशी मांडतो. दुबळी करून घेतलेली बाजू खोडण्यात काही पुरुषार्थ नाही. त्यांचे म्हणणे असे, की हलक्या गाडीच्या अंगी जडत्व थोडे असल्यामुळे रस्त्यावरचा लहानसा उंचवटाही तिला उधळून लावतो, यास्तव तिला ताठ बांधून ठेवणे प्राप्त आहे. की वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो, ते स्थलांतर कडक स्प्रिंग रोखून धरते. की मऊ स्प्रिंगची गाडी स्टिअरिंग फिरवल्यावर आधी कलते आणि मग वळते, आणि शर्यतीत हा विलंब परवडत नाही. आणि अखेरीस, की जगातील सर्वांत वेगवान गाड्या, अर्थात फॉर्म्युला वनच्या, दगडासारख्या ताठ असतात, तेव्हा थोरांच्या त्या वाटेने आपणही का जाऊ नये. ऐकायला चारही विधाने सयुक्तिक आहेत. त्यांतले पहिले उलटे आहे, दुसरे असत्य आहे, तिसरे अर्धसत्य आहे, आणि चौथे सत्य असूनही प्रस्तुत मामल्याला लागू नाही.

सगळ्या गैरसमजाचे मूळ पहिल्या विधानात आहे. ब्रिटनमध्ये शर्यतीच्या कॉइल स्प्रिंगची ताठरता अजूनही ‘पौंड दर इंच’ या मापात सांगितली जाते, आणि तो छापील आकडा हाच जणू गाडीचा स्वभाव आहे असे समजून लोक परस्परांना ‘साडेतीनशेची लाव’, ‘चारशेची लाव’ असे सल्ले देत असतात. वस्तुतः स्प्रिंग चाकाच्या डोक्यावर बसलेली नसते; ती विशबोनवर कोठेतरी आत, तिरकी टेकलेली असते. चाक एक इंच उचलले असता स्प्रिंग जर सात दशांश इंचच दबत असेल, तर चाकापाशी जाणवणारी ताठरता त्या गुणोत्तराच्या वर्गाने, म्हणजे ०.४९ पटीने, घटते. वर्गाने अशासाठी, की ती तरफ एकदा हालचाल कमी करते आणि दुसऱ्यांदा बल कमी करते. साडेतीनशे पौंडांची स्प्रिंग अशा गाडीत चाकापाशी सुमारे १७१ पौंड दर इंच, म्हणजे मिलिमीटरला ३० न्यूटन, एवढीच उरते; आणि शेजारच्या गाडीत हेच गुणोत्तर ०.९ असेल तर तीच स्प्रिंग तेथे २८३ पौंडांची होऊन बसते. तेव्हा दुसऱ्याच्या गाडीवरचा आकडा आपल्या वहीत उतरवून घेणे हे दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर उतरवून घेण्यासारखे आहे.

आता हे ३० न्यूटन दोन निरनिराळ्या गाड्यांच्या चाकापाशी ठेवून पाहावेत. पहिली गाडी चालकासह ११०० किलोची. प्रत्येक चाकावर २७५ किलो, त्यांपैकी चाक, टायर, ब्रेक वगैरे स्प्रिंगखालचा ऐवज ४० किलोचा धरला तर स्प्रिंगवर २३५ किलो बसतात. हा भार त्या स्प्रिंगवर सेकंदाला १.८ दोलने करतो, आणि शर्यतीच्या सलून गाडीला ती वारंवारता शोभणारी आहे. दुसरी गाडी ५०० किलोची. प्रत्येक चाकावर १२५ किलो, त्यांतले २५ स्प्रिंगखाली आणि १०० स्प्रिंगवर. या गाडीत तीच स्प्रिंग सेकंदाला २.७६ दोलने करते. स्प्रिंग बदललेली नाही, तरफ बदललेली नाही, केवळ गाडी हलकी झाली, आणि तेवढ्यानेच ती दीडपट ताठ वागू लागली. जड गाडीचाच स्वभाव हलक्या गाडीत आणावयाचा तर ताठरता वजनाच्या प्रमाणात उतरवून १३ न्यूटनांच्या घरात आणावी लागते. हलक्या गाडीला अधिक कडक स्प्रिंग हवी, हे विधान मी उलटे म्हणतो ते याच कारणाने: हलकेपणा हीच ताठरता कमी करण्याची आज्ञा आहे, आणि ती आज्ञा न पाळणारा मनुष्य काहीही न करता कडक झालेल्या गाडीला आणखी कडक करून ठेवतो.

कोणी विचारील, की वारंवारता दीडपट झाली तर बिघडले काय? डांबरात १० मिलिमीटर खोल एक खड्डा आहे असे समजा. त्यावरून वेगाने जाताना गाडीचे अंग क्षणभर आपल्या जागीच राहते आणि चाक खाली उतरते. मिलिमीटरला ३० न्यूटन या हिशेबाने टायरवरचा भार त्या क्षणी ३०० न्यूटनांनी, म्हणजे सुमारे ३१ किलोंनी, कमी होतो. जड गाडीच्या २७५ किलोंतून ३१ गेले, तर टायरला त्याची फारशी वार्ता लागत नाही. हलक्या गाडीच्या १२५ किलोंतून तेवढेच गेले, तर एक चतुर्थांश पकड त्या क्षणी हातची जाते. आणि हे सरळ रस्त्यावर. वळणात आतले चाक आधीच ओस पडत आलेले असते. त्याच्यावर ४४ किलोच उरले असतील (हा आकडा मी पुढे सिद्ध करीन), तर त्या खड्ड्यात ते १३ किलोंवर येते, आणि खड्डा १५ मिलिमीटरचा असेल तर चाक जमीन सोडते. दोन दोलनांची, म्हणजे सुमारे १६ न्यूटनांची, ताठरता असती तर त्या १० मिलिमीटरांत १६ किलो गेले असते आणि २८ शिल्लक राहिले असते. टायर हवेत असताना कोणतेही सूत्र, कोणताही चालक आणि कोणताही नवा टायर उपयोगी पडत नाही.

याच बाबतीत दुसरी एक गोष्ट सहसा कोणी विचारात घेत नाही. गाडीचे अंग जितक्या सहजी हलके करता येते तितक्या सहजी चाक, हब आणि ब्रेक हलके करता येत नाहीत. म्हणून हलक्या गाडीत स्प्रिंगखालच्या ऐवजाचा वाटा वाढतो. वरच्या हिशेबात जड गाडीत एका किलोच्या चाकामागे जवळजवळ सहा किलो अंग होते, हलक्या गाडीत चारच. उधळणारे चाक आणि त्याला शांत ठेवणारे अंग यांच्यातील हा तोल हलक्या गाडीच्या विरुद्ध गेलेला असतो, इतके प्रतिपक्षाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु त्यावरचा त्यांचा इलाज असा, की उधळणाऱ्या चाकाला अंगाशी अधिक घट्ट बांधावे, म्हणजे चाकाची प्रत्येक धडक अंगापर्यंत बिनबोभाट पोहोचावी. रोगाचे निदान बरोबर आणि औषध रोगाच्याच बाजूचे, अशी ही तजवीज आहे.

भारस्थलांतराचा मुद्दा त्याहून सोपा आहे. एकूण किती भार आतून बाहेर जाईल, हे ठरवणाऱ्या बाबी चार: गाडीचे वजन, वळणातील त्वरण, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन चाकांतील अंतर. या यादीत स्प्रिंगचे नाव नाही. पाचशे किलोची गाडी, गुरुत्वत्वरणाच्या १.२ पट वळणातील त्वरण, गुरुत्वमध्य जमिनीपासून ३५ सेंटिमीटर, चाकांमधले अंतर १.३ मीटर, गुणाकार-भागाकार केला म्हणजे सुमारे १६१ किलो आतून बाहेर जातात, पुढल्या आणि मागल्या जोडीत मिळून, म्हणजे एका जोडीत जवळजवळ ८१. आतल्या चाकाचे १२५ वजा ८१ म्हणजेच ते ४४ किलो. येथे स्प्रिंग लोण्याची असो वा पोलादी खांबाची, अंग कलल्यामुळे गुरुत्वमध्य जो केसभर सरकतो तेवढा फरक सोडला तर उत्तर बदलत नाही. बदलतो तो फक्त कल, आणि बदलते ती त्या १६१ किलोंची पुढल्या व मागल्या जोडीतील वाटणी. ही वाटणी अत्यंत महत्त्वाची आहे, गाडीचे नाक बाहेर जाते की शेपूट हे तीच ठरवते; पण वाटणी करण्यासाठी चारही कोपरे ताठ करण्याची गरज नसते. पुढल्या किंवा मागल्या जोडीला योग्य जाडीचा अँटी-रोल बार लावला की ती होते. मॅलरी पार्कच्या पॅडॉकमध्ये ‘कडक केल्याने भार कमी जातो’ असे वाक्य जेव्हा जेव्हा कानी पडते, तेव्हा तेव्हा मला असे वाटते, की यांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचे पुस्तक या देशातही कोणीतरी पुन्हा उघडले पाहिजे.

या वादाचा निकाल एकदा याच परगण्यात लागून गेलेला आहे, आणि त्याचे विस्मरण लेस्टरकरांना व्हावे याचे मला खरोखर दुःख होते. डॉनिंग्टन पार्क हा मार्ग लेस्टरशायरच्या वायव्य कोपऱ्यात आहे. युद्धात त्याची धूळधाण झाल्यावर लेस्टरचेच बांधकाम व्यावसायिक टॉम व्हीटक्रॉफ्ट यांनी तो १९७१ साली विकत घेऊन १९७७ साली पुन्हा शर्यतींना खुला केला, आणि त्यांचे ते ऋण या परगण्याने विसरता कामा नये. पण मी म्हणतो ती घटना त्याच्या चाळीस वर्षे आधीची, २ ऑक्टोबर १९३७ ची. त्या काळी ग्रां प्रीच्या नियमाने गाडीचे वजन, चालक, इंधन, तेल आणि टायर सोडून, ७५० किलोंपेक्षा अधिक असू शकत नसे; म्हणजे प्रचंड शक्तीच्या आणि सक्तीने हलक्या ठेवलेल्या गाड्यांचा तो काळ होता, आणि आपल्या प्रश्नाला याहून नेमका दाखला मिळणे कठीण. मर्सिडीझ-बेंझची १९३६ ची गाडी अपयशी ठरली होती. त्या साली शर्यतविभागाची धुरा ज्यांच्याकडे आली त्या रुडॉल्फ उलेनहाउट या तरुण अभियंत्याने, कोणाच्या अहवालावर विसंबून न राहता, स्वतः न्युर्बुर्गरिंगवर ती गाडी हाकली, आणि त्यांना आढळले की स्प्रिंगांपेक्षा चासीच अधिक लवते आहे. त्यांनी केलेला उपाय आमच्या प्रतिपक्षाच्या अगदी विरुद्ध होता. लंबवर्तुळाकार नळ्यांची नवी चासी पूर्वीहून पुष्कळ ताठ केली. आणि स्प्रिंगा मऊ केल्या, चाकांचा प्रवास वाढवला, मागे द-दिआँ धुरा बसवली, दोलने आवरण्याचे काम हायड्रॉलिक डॅम्परांकडे सोपवले. तीच १९३७ ची डब्ल्यू १२५.

ती गाडी आणि ऑटो युनियनच्या गाड्या त्या ऑक्टोबरात डॉनिंग्टनला आल्या, तेव्हा इंग्रज प्रेक्षकांनी असे दृश्य पूर्वी पाहिलेले नव्हते: मेलबर्नच्या वळणानंतरच्या चढावर त्या गाड्या चारही चाकांनी हवेत जात, आणि जमिनीवर उतरल्याबरोबर चाके खालीवर होत असताना अंग मात्र आपल्या मार्गाने पुढे जात राही. ऑटो युनियनच्या बेर्न्ड रोझमायर यांनी ती शर्यत जिंकली. पुढल्या जानेवारीत वेगाच्या विक्रमाच्या प्रयत्नात त्यांचे निधन झाले, तेव्हा हाच त्यांचा शेवटचा विजय ठरला. दुसरी आणि तिसरी आली ती मर्सिडीझ. शक्तीचा फरक इतका अफाट होता की हा विजय केवळ स्प्रिंगांचा असे म्हणणे खोटेपणाचे होईल, आणि मी तसे म्हणत नाही. पण शक्ती जमिनीवर उतरवणारा टायर जमिनीवर राहिला पाहिजे, हे ज्यांनी सर्वांत आधी ओळखले त्यांनीच ती सर्वाधिक शक्ती वापरण्याचे धाडस केले. ताठ कमानपाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जुन्या पद्धतीच्या गाडीला तेवढी शक्ती दिली असती तर मागली चाके जागीच फिरत राहिली असती.

यावर मला एक उत्तर हमखास मिळते, आणि ते लेस्टरच्याच अभिमानातून येते. बॉब जेरार्ड हे या गावचे. मॅलरी पार्कचे ते दीर्घ, संपता न संपणारे उजवे वळण त्यांच्याच नावाने ओळखले जाते. त्यांची ई.आर.ए. गाडी ताठ कमानपाट्यांची होती, आणि ती दशकाहून अधिक जुनी झालेली असताना त्यांनी १९४९ च्या ब्रिटिश ग्रां प्रीत सिल्व्हरस्टोनला दुसरा क्रमांक मिळवला. मग ताठ गाडी वाईट कशी? जेरार्ड यांच्याविषयी माझा आदर कोणाहूनही कमी नाही. गाडी जपून, नेमकेपणाने आणि शेवटपर्यंत चालवण्याची त्यांची हातोटी त्या निकालात स्पष्ट दिसते. परंतु सिल्व्हरस्टोन हे सपाट विमानतळाचे मैदान होते, हे एक. आणि दुसरे अधिक खोल कारण असे, की त्या काळच्या इंग्रजी गाड्यांत पाटे ताठ असले तरी त्यांची चासी मुळीच ताठ नसे. ती पिळवटे, वाके, आणि स्प्रिंगने जे काम नाकारले ते निमूटपणे स्वतः करी. मऊपणा त्या गाडीतही होता, फक्त तो अशा जागी होता जेथे त्याला आवरणारा डॅम्पर नव्हता आणि मोजणारा मनुष्य नव्हता.

ही बाब आजही जशीच्या तशी लागू आहे, म्हणून तिच्यापाशी थोडा थांबतो. हौशी बांधणाऱ्याची नळ्यांची हलकी चासी पिळण्याला मर्यादितच विरोध करते. तिच्यावर चढत्या ताठरतेच्या स्प्रिंगा बसवत गेल्यास एक वेळ अशी येते, की स्प्रिंग आणि चासी या दोघींत लवते कोण याचाच पत्ता लागत नाही. पुढला बार बदलला तरी गाडीच्या वागण्यात फरक पडत नाही, आणि मालक बिचारा बारला, टायरला, शेवटी चालकाला दोष देत बसतो. मऊ स्प्रिंगची गाडी आपले दोष उघडपणे सांगते. तिच्यात बार एक भोक पुढेमागे केला तरी चालकाला ते जाणवते.

फॉर्म्युला वनचा दाखला मात्र मी आदराने स्वीकारतो आणि आदरानेच बाजूला ठेवतो. १९७७-७८ मध्ये कॉलिन चॅपमन यांच्या लोटस ७८ आणि ७९ या गाड्यांनी तळाखालच्या हवेचा उपयोग करून गाडीला जमिनीकडे ओढून घेण्याची युक्ती सिद्ध केली. ती ओढ तळ आणि जमीन यांच्यातील फटीवर अवलंबून होती, आणि फट बदलली की ओढ बदले. म्हणून फट कायम राखण्यासाठी पुढच्या काही वर्षांत स्प्रिंगा इतक्या ताठ झाल्या, की निलंबनाचे काम जवळजवळ टायरच करू लागले. १९८३ पासून सपाट तळाची सक्ती झाली, तरी पंखांचा भार राहिलाच. ज्या गाडीवर वेगाबरोबर तिच्या स्वतःच्या वजनाइतका किंवा त्याहून अधिक भार वरून येतो, तिला सेकंदाला तीन, चार, पाच दोलनांची ताठरता लागते, कारण तो वाढता भार तिला दुसरे कोण उचलून धरणार? पण पंख नसलेल्या पाचशे किलोच्या गाडीवर ताशी दोनशे किलोमीटरलाही असा भार येत नाही. तिने ताठ राहायचे कोणासाठी? आणि ज्या चॅपमन यांचे नाव कडकपणाच्या समर्थनार्थ घेतले जाते, त्यांनी १९६२ साली बाजारात आणलेली लोटस एलान ही हलकी गाडी मऊ स्प्रिंगा आणि काटेकोर डॅम्पर यांच्या जोरावरच आजतागायत नमुना म्हणून दाखवली जाते, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. डॉनिंग्टनलाच ११ एप्रिल १९९३ रोजी आयर्टन सेना यांनी पावसात जी शर्यत जिंकली, त्या मॅकलारेनमध्ये संगणकाच्या हुकमतीखालचे निलंबन होते. ताठ स्प्रिंग हा नाइलाज आहे, हे खुद्द फॉर्म्युला वनच्या अभियंत्यांनाही मान्य होते, म्हणून तर एवढा खर्च करून त्यांनी पर्याय शोधला.

राहिले प्रतिसादाचे अर्धसत्य. मऊ गाडी कलायला वेळ घेते, हे खरे. पण पहिल्या पाव सेकंदात गाडी किती तत्परतेने भार घेते, हे मुख्यतः डॅम्पर मंद हालचालीला किती विरोध करतो यावर ठरते, आणि शेवटी ती किती कलून स्थिरावते हे स्प्रिंग व बार मिळून ठरवतात. डॅम्पर ढिले झाले, की लोक स्प्रिंग बदलतात. माझ्या पाहण्यातल्या कित्येक ‘मऊ’ गाड्या वस्तुतः थकलेल्या डॅम्परच्या गाड्या होत्या. वरच्याच पाचशे किलोच्या गाडीत, गुरुत्वमध्य कलण्याच्या अक्षापेक्षा ३० सेंटिमीटर वर आहे असे धरले, तर चाकापाशी १६ न्यूटन ताठरतेने, बार मुळीच न लावता, ती सुमारे तीन अंश कलते. माफक बारने तो कल दोन अंशांवर येतो. बार लावल्याने एकाच चाकाखाली येणाऱ्या खड्ड्यात ताठरता काहीशी वाढते, हे मला ठाऊक आहे आणि ते मी लपवीत नाही; म्हणूनच बारही गरजेपुरताच असावा. पण दोन्ही चाकांखाली एकदम येणाऱ्या उंचवट्यात, ब्रेक दाबून वळणात शिरताना, डॉनिंग्टनच्या क्रेनर कर्व्ह्जच्या उतारावरून ओल्ड हेअरपिनकडे खाली झेपावताना, तो बार गाडीला काही त्रास देत नाही, आणि कडक स्प्रिंग मात्र प्रत्येक क्षणी देते.

मऊपणाची किंमत द्यावी लागते ती प्रवासाच्या नाण्यात, आणि येथे प्रतिपक्षाने मला पकडले असते तर ते अधिक न्याय्य झाले असते. सेकंदाला दोन दोलनांची गाडी आपल्याच वजनाने ६२ मिलिमीटर दबून उभी राहते. गुरुत्वत्वरणाच्या १.१ पट ब्रेक मारला, आणि पुढल्या-मागल्या चाकांत २.३ मीटर अंतर असले, तर पुढल्या दोन चाकांवर सुमारे ८४ किलो नव्याने येतात आणि नाक २६ मिलिमीटर खाली जाते. ३० न्यूटनांच्या स्प्रिंगवर ते १४ मिलिमीटरच गेले असते. गाडी इतकी खाली बसवलेली असेल की खाली चाळीस मिलिमीटरच मोकळे आहेत, तर ब्रेक आणि खड्डा एकत्र आले की तळ घासेल किंवा बम्प रबर दबून संपेल, आणि ज्या क्षणी रबर संपते त्या क्षणी ती मऊ गाडी जगातली सर्वांत कडक गाडी बनते. तेव्हा माझा आग्रह आंधळ्या मऊपणाचा नाही. चाकाला खरोखर किती प्रवास आहे तो मोजा, त्यात मावेल तितकी मऊ स्प्रिंग घ्या, आणि प्रवास कमी पडत असेल तर स्प्रिंग कडक करण्याआधी गाडी दहा मिलिमीटर उचलता येते का ते पाहा, असा तो क्रम आहे. पंख नसलेल्या शर्यतीच्या गाडीत हा शोध बहुधा दीड ते अडीच दोलनांच्या दरम्यान कोठेतरी संपतो.

हे मोजमाप अवघड नाही, आणि ते करण्याचा कंटाळा हेच कडक स्प्रिंगच्या लोकप्रियतेचे खरे कारण असावे असा माझा संशय आहे. गाडी स्टँडवर घ्यावी, स्प्रिंग काढून डॅम्पर रिकामा परत बसवावा, चाकाखाली जॅक लावून ते दहा-दहा मिलिमीटरनी वर न्यावे, आणि प्रत्येक पायरीला डॅम्परच्या दोन बोल्टांमधले अंतर मोजून वहीत लिहावे. एका बाजूला चाकाची उंची, दुसऱ्या बाजूला डॅम्परची लांबी. फरकांचा भागाकार म्हणजे ते गुणोत्तर. ते सगळीकडे सारखे नसते, वर जाताना वाढते की घटते हेही त्या वहीतच कळते, आणि घटत असेल तर ती विशबोनची मांडणी पुन्हा तपासण्याची बाब आहे. मग मार्गावर जाण्याआधी डॅम्परच्या चकचकीत दांड्यावर एक बारीक प्लॅस्टिकचा पट्टा आवळावा. तीन फेऱ्यांनंतर तो जेथे ढकललेला सापडेल, तेथपर्यंत चाक गेले होते. कडक स्प्रिंगच्या कित्येक गाड्यांत तो पट्टा उपलब्ध प्रवासाच्या निम्म्यातही पोहोचलेला नसतो. उरलेला निम्मा प्रवास मालकाने पैसे देऊन घेतलेला असतो आणि वापरलेला नसतो.

फॉर्म्युला स्टुडंटसाठी सिल्व्हरस्टोनला येणाऱ्या विद्यार्थ्यांना, आणि त्यांत आयआयटी मुंबईसारखे आपले संघही आलेले आहेत, हे विशेष आस्थेने सांगावेसे वाटते. तेथील नियम चाकाला किमान ५० मिलिमीटर प्रवास मागतो. तो नियम काही कारणाने केलेला आहे. कागदावर ५० दाखवून प्रत्यक्षात दहा मिलिमीटरही न हलणारी स्प्रिंग लावली, तर नियमाची अक्षरे पाळली जातात आणि हेतू बुडतो. त्यांच्या गाडीत एका चाकावर स्प्रिंगवरचा भार पन्नास किलोच असेल, तर अडीच दोलनांसाठी चाकापाशी १२ न्यूटनच पुरतात. चालक बसवून, चारही चाके तराजूंवर ठेवून, हा हिशेब ज्या संघाने स्वतः केला त्यांच्याशी मी एका न्यूटनावरूनही वाद घालणार नाही.

शेवटचा आधार चालकाच्या अनुभवाचा दिला जातो: कडक गाडी वेगवान वाटते. ती वाटतेच. तिचा थरकाप पाठीत, हातात, जबड्यात जाणवतो, आणि तो थरकाप वेग म्हणून स्वीकारला जातो. त्यावर माझी तजवीज अशी आहे. मॅलरी पार्कवर एका कोरड्या दिवशी, तेच टायर, तोच दाब, तितकेच इंधन आणि तोच चालक ठेवून, स्प्रिंगांच्या तीन जोड्या, पुढील-मागील प्रमाण समान राखून, एकामागून एक लावाव्यात. कोणती जोडी लागली आहे हे चालकाला सांगू नये, आणि शेवटी पहिली जोडी पुन्हा लावून टायर किती बदलले तेही पाहून घ्यावे. जेरार्डच्या वळणातला वेग आणि फेरीची वेळ, दोन्ही लिहून ठेवावीत. त्यात सर्वांत कडक जोडी सरस ठरली, तर त्या गाडीपुरती मी हार मानीन. मात्र तिच्या चाकांचा प्रवास, चासीचा पीळ आणि डॅम्परांची अवस्था तपासण्याचा हक्क मी राखून ठेवतो.